सैल अर्धा फेरा

वृषाली गेल्याची बातमी जयसिंगपुरात आधी एका निळ्या ठिपक्यानं आणली, आणि लोकांनी त्या ठिपक्याला टाळ्या वाजवल्या.

मगदूम प्लायवूडच्या दुकानात, बिजागऱ्यांच्या मांडणीवर, एक मोठा पडदा लावलेला होता. सुकुमार मगदूमला तो नको होता. पण बायको सायकलवरून ऑस्ट्रेलिया खंड ओलांडतेय आणि नवऱ्याच्या दुकानात तिचा नकाशा नाही, हे गावाला बरं दिसलं नसतं. म्हणून नवदृष्टी प्रतिष्ठानची माणसं येऊन तो लावून गेली. पर्थपासून सिडनीपर्यंत एक रेघ, आणि तिच्यावर सरकणारा ठिपका म्हणजे वृषाली. ठिपका जेवढे किलोमीटर सरकेल त्या हिशेबानं देणगीदार पैसे देणार, आणि त्यातून मिरजेला अंध मुलांसाठी रुग्णालय उभं राहणार.

सायकल दोघांची होती. हँडल वृषालीच्या हातात. मागच्या सीटवर निनाद सोहनी, मिरजेचा, बँकेत नोकरीला, लहानपणी दोन्ही डोळे गेलेला. तो तिला ताई म्हणायचा आणि सुकुमारला भाऊजी. सुकुमारला ते भाऊजी ऐकवत नसे.

त्या दिवशी ठिपका बराच वेळ हलला नव्हता. सुकुमारनं दोनदा वर बघितलं आणि पुन्हा गिऱ्हाइकाची मापं लिहायला लागला. नवराबायकोचं चार दिवसांपासून बोलणं बंद होतं. भांडण जुनंच होतं. घर आणि दुकान मी बघायचं आणि जग तू बघायचं, असं किती वर्षं चालणार, एवढंच.

मग ठिपका एकदम हलला आणि पळायला लागला.

"वहिनींनी सोडली की वो गाडी!" माप द्यायला आलेला सुतार ओरडला. शेजारच्या दुकानातली दोघं-तिघं आत आली. टाळ्या पडल्या. एकानं फोन काढून तिथल्या तिथं देणगी वाढवली. पडद्याच्या कोपऱ्यातला किलोमीटरचा आकडा भराभर चढत होता.

सुकुमार बघत राहिला. सायकल एवढी पळत नाही. आणि ठिपका सिडनीकडे चाललेला नव्हता. रस्ता सोडून, सरळ रेघेत, आल्या वाटेनं पर्थच्या बाजूला चालला होता.

"विमानात घातलंय तिला," तो म्हणाला. "बाहेर व्हा सगळे."

"अहो मालक, पण प्लाय…"

"बाहेर व्हा म्हटलं ना!"

फोन त्यानंतर आला. तोवर शटर खाली होतं आणि अंधारात तो आकडा चढतच होता. ठिपका हलवणारा पट्टा वृषालीच्या मनगटावर होता, तो काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. मेलेल्या बाईनं विमानातून कापलेलं अंतरही देणगीत धरलं गेलं. प्रतिष्ठाननं नंतर माफी मागितली. सुकुमारनं पडदा भिंतीवरून उपटला आणि त्यांच्या दारात नेऊन टाकला.

*

अपघातात निनादचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. ते जुळल्यावर तो प्रतिष्ठानच्या अध्यक्षांना घेऊन घरी आला. अनघा राजाध्यक्ष पांढऱ्या साडीत आल्या होत्या. सुकुमारनं चहा विचारला नाही.

"मगदूमसाहेब, वृषालीताईंचं काम अर्धं राहिलंय," बाई म्हणाल्या. "ते त्यांनीच पूर्ण करावं असं आम्हाला वाटतं."

"स्मशानातनं उठून येऊ दे म्हणता?"

"तसंच काहीसं."

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि सुकुमारला ते कळलं, कारण त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. दोघांच्या सायकलची पुढची आणि मागची पॅडलं एका साखळीनं बांधलेली असतात. पुढच्यानं पाय रेटला की मागच्याच्या तळव्याला तो कळतो. एकाचा पाय दुसऱ्याला सोडून फिरूच शकत नाही. वृषालीच्या पॅडलच्या दांड्यांत ताण मोजणाऱ्या बारीक पट्ट्या बसवलेल्या होत्या. पाय कुठं असताना किती जोर लागला, तेव्हा छातीचे ठोके किती होते, वारा कुठला, चढ किती, आदल्या रात्री झोप किती झाली, हे सगळं चार वर्षं साठत होतं. त्यावर एक यंत्र शिकवून तयार केलं होतं. ते जुनी फीत लावल्यासारखं जुनंच वाजवत नव्हतं. नवा रस्ता आणि नवा वारा समोर आला की वृषालीनं इथं काय केलं असतं ते काढायचं आणि तेवढाच जोर मोटरनं पॅडलला द्यायचं. हँडल धरायला दोन लोखंडी हात, रस्ता बघायला कॅमेरे, तोल राखायला पोटात गरगरणारं एक जड चाक. ते सगळं पुढच्या सीटवर बसणार होतं आणि मागं निनाद.

"आम्ही त्याला सारथी म्हणतो," बाई म्हणाल्या.

"डबा," सुकुमार म्हणाला. "आणि माझ्याकडं कशाला आलाय?"

कारण कायदा बदलला होता. माणसाचा आवाज, चाल, हातापायाची लकब, हे त्याच्यामागं वारसाच्या मालकीचं झालं होतं. वारसाच्या सहीशिवाय ते वापरता येत नव्हतं. पण नोंदी जमवणाऱ्यानं त्या पुसाव्यात अशी सक्ती मात्र कायद्यात नव्हती.

"म्हणजे मी सही दिली नाही तर ती अशीच तुमच्या कपाटात पडून राहणार."

"सुरक्षित राहणार."

"भाऊजी," निनाद पहिल्यांदाच बोलला, "तुम्ही ताईच्या मागं कधी बसलात?"

"तू बसलास ना. बसून काय केलंस ते बघितलं मी. बाई मेली, तू परत आलास."

"मी परत आलो याचं तुम्हाला वाईट वाटतं."

"व्हय. वाटतं."

"बरं झालं बोललात. मलाही तुमच्याबद्दल एक गोष्ट वाटते. ती सिडनीला पोचल्यावर सांगेन."

सुकुमारनं त्याला घराबाहेर काढायला हवं होतं. पण तो प्रश्न आत जाऊन बसला होता. मागं कधी बसलात. तो कधीच बसला नव्हता.

कोल्हापूरच्या बाहेर एका बंद सूतगिरणीच्या आवारात चाचणी होती. डबा पुढच्या सीटवर घट्ट बसवलेला, मागं सुकुमार. यंत्राचं काम बघणारी फरीदा मुजावर म्हणाली, "काका, पाय फक्त ठेवा. जोर लावू नका." सुकुमारनं पाय ठेवले आणि सायकल निघाली.

पहिल्या फेऱ्यात काही नाही. दुसऱ्यात डाव्या पायाखाली दोन छोटे रेटे आले आणि मग एक लांब. पुन्हा दोन छोटे, एक लांब. वृषाली पलंगावर बसून फोनवर बोलताना असाच पाय हलवायची. पलंग हलायचा. तो रोज म्हणायचा, पाय थांबव गं. ती थांबवायची आणि मिनिटाभरात पुन्हा सुरू.

"बंद करा," तो ओरडला. "बंद करा ते!"

उतरल्यावर तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नंतर निनाद बसला, दोन चकरा मारून आला आणि म्हणाला, "ताईच आहे. पण काहीतरी कमी आहे. काय ते सांगता येत नाही."

सुकुमारनं त्याच दिवशी सही केली. त्याची अट एकच होती. डब्याची किल्ली त्याच्याजवळ राहील. किल्ली एकीकडे फिरवली की डबा चालू, दुसरीकडे फिरवली की आतली वृषाली कायमची पुसली जाईल, प्रतिष्ठानकडच्या नकलांसकट. सिडनीला पोचलं की तो स्वतः ती फिरवणार. राजाध्यक्ष बाईंनी लगेच मान्य केलं. त्यांना सिडनी हवं होतं, त्याला बायको त्या डब्यातून बाहेर काढायची होती.

*

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला एक माळ आहे. त्यावर झाड नाही, सावली नाही आणि रस्ता दीडशे किलोमीटर कुठंही वळत नाही. त्या सरळ रस्त्याच्या शेवटी कैगुना नावाचा थांबा आहे, म्हणजे पेट्रोल पंप, चार खोल्या आणि एक खानावळ. वृषाली कैगुनाच्या साठ किलोमीटर अलीकडे पडली होती. तिथूनच पुन्हा सुरुवात झाली.

रस्त्याकडेला प्रतिष्ठाननं फुलं ठेवली. कॅमेऱ्यासमोर बाई बोलल्या. सुकुमारच्या नाकातोंडावर माश्या बसत होत्या, हाकलल्या तरी पुन्हा बसत होत्या. समोरून तीन डबे जोडलेला मालट्रक आला आणि जाताना त्याच्या वाऱ्यानं फुलं उडून खड्ड्यात गेली. कुणी उचलायला गेलं नाही.

वृषाली कशी पडली ते प्रतिष्ठाननं पाठवलेल्या अपघाताच्या अहवालात होतं. बाजूनं जोराचा वारा असतो तेव्हा सायकलवाला वाऱ्यावर रेलून चालवतो. एवढा मोठा ट्रक शेजारून गेला की वारा क्षणभर तुटतो, आणि रेललेला माणूस ट्रककडे ओढला जातो. ताज्या हातांना ते सांभाळता येतं. दमलेल्या हातांना येत नाही. अहवालात शेवटी लिहिलं होतं, चालक थकलेली असूनही थांबली नाही.

ते वाक्य सुकुमारला पाठ झालं होतं. थांबली नाही. आंधळ्याच्या ओझ्यानं दमली, असं तो त्याचं भाषांतर करायचा, आणि निनादच्या पाठीकडे बघत राहायचा.

तो मागच्या गाडीत बाईंच्या शेजारी बसला होता. फरीदा गाडी चालवत होती. पुढं डबा एकसारखे पाय मारत होता. वारा उजवीकडून लागला होता. गावाकडे पुन्हा हजारो घरांत तो निळा ठिपका सरकत होता, आणि बाई फोनवर बघून म्हणत होत्या, "छान. छान चाललंय. आज गेल्या वेळेपेक्षा दुप्पट लोक आहेत."

दुपारी निनादनं हात वर केला. हा त्याचा थांबण्याचा इशारा होता. फरीदानं गाडीतून डबा थांबवला. निनाद उतरला आणि सायकल सोडून तसाच उभा राहिला.

"काय कमी आहे ते कळलं," तो म्हणाला.

"पाणी प्या आधी," बाई म्हणाल्या.

"या वाऱ्यात ताई बोललेलं मला ऐकू यायचं नाही. म्हणून आमचं ठरलेलं होतं. ट्रक आला की दोन झटके. आणि थांबायचं असलं की ती अर्धा फेरा पाय सैल सोडायची. तो सैल फेरा आला की मीही सोडायचो आणि आम्ही उतरायचो. दर दीड-दोन तासांनी. हा डबा सैल सोडतच नाही. मी मेलो तरी हा चालवत राहील."

सुकुमार गाडीतून उतरला. "फरीदा, हे काय म्हणतोय हा?"

फरीदानं बाईंकडे बघितलं.

"तिच्याकडं बघू नको. मला सांग."

"काका, यंत्रातला थकवा काढायला सांगितला होता. सैल फेराही त्याच्यासोबत गेला. आम्हाला वाटलं, नोंदीतली खोट आहे."

"मी सांगितलं," बाई म्हणाल्या. "मगदूमसाहेब, थकव्यानं त्यांचा जीव गेला. मग तोच थकवा आम्ही पुन्हा यंत्रात ठेवायचा? निनादच्या जिवावर?"

बोलणं बिनचूक होतं. त्यामुळं सुकुमार जास्तच चिडला.

"दमत नाही ती माझी बायको नव्हे," तो म्हणाला. "काढलंय ते परत घाला."

"वेळापत्रक कोसळेल."

त्यानं शर्टाच्या खिशातून किल्ली काढली, डब्याच्या भोकात घातली आणि पुसायच्या बाजूला किंचित फिरवली. डब्यावर लाल दिवा लागला.

"घालता की फिरवू?"

"फिरवू नका!" हे निनाद ओरडला. "भाऊजी, मला ताई नको आहे, मला सिडनी हवंय. आयुष्यात एक काम मी शेवटपर्यंत करणार होतो. तेवढं करू द्या."

"तुझं सिडनी गेलं उडत. फरीदा, घाल."

फरीदानं घातलं. त्याला फार वेळ लागला नाही. मूळ यंत्र तिच्याजवळ तसंच होतं.

पुन्हा निघाले. आता डबा वेगळा चालत होता. लांबूनही ते कळत होतं. कधी जोर, कधी कंटाळा. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी फोन बंद करून ठेवला होता, आणि हे सुकुमारला खटकलं. लोक दुप्पट असताना ही बाई फोन बंद करत नाही.

कैगुना जवळ आलं, आणि सायकल थांबली. हात कुणी वर केला नव्हता. डब्यानं पाय सोडले होते. फरीदानं चालू करायचा हुकूम दिला. डबा हलला नाही.

"सैल फेरा दिला त्यानं," निनाद हळू म्हणाला. "अगदी तसाच दिला."

"बिघडलंय," बाई म्हणाल्या.

"बिघडलेलं नाही, मॅडम," फरीदा म्हणाली. "वारा, ऊन, चाललेलं अंतर, हे सगळं मिळून वृषालीताई इथं थांबल्या असत्या, एवढंच ते सांगतंय."

सुकुमारचं डोकं त्या अहवालातल्या वाक्यावर अडकलं. थांबली नाही.

"त्या दिवशीचं सगळं आहे का तुझ्याकडं? वारा, ऊन, सगळं?"

"आहे."

"ते घाल ह्यात. सायकल स्टँडवर चढव. मी बसतो."

बाई म्हणाल्या की अंधार होईल, कैगुनाला जाऊन शांतपणे बोलू. तोवर मागचं चाक उचलून धरलं गेलं आणि सुकुमार निनादच्या जागेवर बसला.

पाय फिरायला लागले. दोन छोटे, एक लांब. त्यानं या वेळी बंद करा म्हटलं नाही. रेटे हळूहळू जड झाले, एकमेकांपासून तुटायला लागले. मग एका फेऱ्यात पाय एकदम हलका झाला, कुणी हात सोडून द्यावा तसा. पॅडल थांबलं.

"कुठं आलं हे?"

"पडल्या त्या जागेच्या चार किलोमीटर अलीकडे," फरीदा म्हणाली.

पुन्हा लावलं. पुन्हा तिथंच थांबलं. तिसऱ्यांदाही.

"आणि त्या दिवशी खरं काय झालं?"

फरीदानं पडद्यावर खरी नोंद काढली आणि तिचा आवाज बदलला. "सैल फेरा दिला होता त्यांनी, काका. ह्याच जागी. आणि लगेच पुन्हा पूर्ण जोर लावला. यंत्राच्या हिशेबात हा जोर बसत नाही. तो बाहेरून आलाय."

"मला तो फेरा कळला होता," निनाद म्हणाला. "मी पाय सोडलेही. मग ताईनं ओढून नेलं. का ते मला माहीत होतं. तिच्या कानात फोनचं यंत्र होतं. त्यात दोनच माणसांचा आवाज जायचा. तुमचा फोन आला की ती अशीच चिडून जोर लावायची, भाऊजी. सिडनीला हेच सांगणार होतो. तुम्ही घालवलीत तिला."

सुकुमार सायकलवरून उतरला. आठ महिने हा माणूस त्याच्या तोंडावर भाऊजी म्हणत होता आणि मनात हे ठेवून होता.

"त्या दिवशी मी फोन केला नव्हता," तो म्हणाला. "चार दिवस केला नव्हता. आमचं बोलणं बंद होतं."

मग निनादनं मान वळवली, सुकुमारकडे नाही, गाडीकडे.

"दुसरा आवाज तुमचा होता, मॅडम."

राजाध्यक्ष बाई गाडीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला.

"मी तिला मारलं नाही," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मोठे देणगीदार बघायला बसले होते. ठिपका थांबला की लोक निघून जातात, हे तुम्हाला कुणालाच कळत नाही. मी म्हटलं, वृषाली, कैगुनापर्यंत जा, मुलांसाठी जा. एवढंच म्हटलं. ती नाही म्हणू शकत होती."

"अहवालात थांबली नाही असं तुम्हीच लिहून दिलंत," सुकुमार म्हणाला.

"ती थांबली नाही हे खरंच आहे."

"आणि हे बाहेर येऊ नये म्हणून डब्यातला थकवा काढलात. निनादच्या जिवासाठी म्हणे."

बाईंनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. त्या दोन पावलं पुढं आल्या आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "मगदूमसाहेब, तुम्हाला त्या यंत्रातून तिला सोडवायचं होतं ना? सिडनीची अट मी काढून टाकते. किल्ली तुमच्याकडे आहे. आत्ता पुसा. तिला शांती मिळू दे."

किल्ली अजून डब्यातच होती. सुकुमारनं तिला हात लावला. इथवर तो ह्याच एका कामासाठी आला होता. एक वळसा दिला की ती कुणाच्या पडद्यावर, कुणाच्या कपाटात, कुणाच्या पायाखाली राहणार नव्हती.

त्यानं किल्ली बाहेर ओढली आणि खिशात टाकली.

"आता नाही," तो म्हणाला. "आता ती साक्षीला येणार."

"यंत्राची साक्ष कुठलं कोर्ट घेणार?"

"नाही तर नाही. विचारून बघू की."

बाई गाडीत जाऊन बसल्या आणि दार लावून घेतलं. फरीदा डब्याचे बोल्ट काढायला लागली. निनाद रस्त्याच्या कडेला बसला होता, चेहरा वाऱ्याकडे करून.

"भाऊजी, चुकलो मी."

"मला भाऊजी म्हणू नको."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नको. माझ्याशी बोलूच नको."

निनाद उठला आणि चाचपत पुढच्या सीटपाशी आला. मग म्हणाला, "पुढची सीट रिकामी झाली. कुणीतरी बसायला लागेल. मुलांचं रुग्णालय तर काही गुन्हेगार नाही."

"मला ती सायकल येत नाही."

"ताईलाही येत नव्हती. शिकली."

सुकुमारनं डबा उचलून छातीशी धरला. तो वाटला होता त्याहून जड होता. निनादला त्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

*

तक्रार दाखल आहे. सुनावणीची तारीख लागलेली नाही. डबा मगदूम प्लायवूडच्या माळ्यावर आहे. निकाल लागेपर्यंत त्याला हात लावू नका असं वकिलानं सांगितलंय, त्यामुळं वृषालीला पुसायचं राहून गेलंय. मिरजेच्या रुग्णालयाचा फक्त पाया झालाय. कैगुनापासून सिडनीपर्यंत ती सायकल अजून कुणी चालवलेली नाही.